व्हॉल्व्ह अडकून राहिला

परवा आमच्या जुन्या कंपनीच्या ग्रुपवर एक फोटो आला. कंपनीने नवीन नाव घेतलं त्याला पंचवीस वर्षं होतायत, म्हणून एका हॉटेलात जेवण, गाणी आणि गमतीजमती ठरल्या आहेत. त्या गमतींपैकी हा फोटो. तळमजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये एका लोखंडी चाकावर हात ठेवून ते उभे आहेत, वर्कशॉपमधले माझे जुने सर. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी छोटा मीटर, आणि फोटो काढण्याआधी विचारायची पद्धत बंद झाली का, असं म्हणणारा चेहरा. खाली कोणीतरी लिहिलं होतं, 'ओळखा पाहू! अडकून राहिलेले काका!' त्याखाली डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग.

मला संताप आला. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते विसरले, भाताचा गोळा झाला, आणि तो खातानाही राग उतरला नाही. 'अडकून राहिला' हे त्यांचं वाक्य नव्हतंच. ते माझं होतं. मी ते लिहिलं, मीच ते गिळलं, आणि नाव मात्र त्यांना पडलं.

मी अकोल्याहून नोकरीला पुण्यात आले तेव्हा कंपनी बिबवेवाडीत होती. खाली वर्कशॉप, वर संगणक. खाली तीस वर्षं गिअरबॉक्स बनत होते. वर परदेशी कंपन्यांना डिझाइन करून देण्याचा नवा धंदा निघाला होता. वर एसी आणि गालिचा, खाली पंखा आणि तेलकट फरशी. दर दोन-तीन महिन्यांनी खालचं एखादं मशीन विकलं जाई आणि वर आणखी चार टेबलं लागत. फोटोतले ते खालचे. गिअर कापण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. वरची मंडळी त्यांना काका म्हणत, आणि ज्या सुरात म्हणत तो सूर मला तेव्हाही आवडत नव्हता.

ते कोणालाही नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. अहो नगरकर, अहो मिरजकर. शिपायापासून मालकापर्यंत सगळ्यांना अहो. मी अकोलेकर. वर माझ्या बोलण्याची नक्कल होई. कोणी कॉफी प्यायला निघालं की मुद्दाम माझ्याकडे बघून म्हणायचं, 'आम्ही जाऊन राहिलो बरं का.' मी बोलण्याआधी वाक्य मनातल्या मनात धुऊन घ्यायला शिकले होते. एकदा खाली गेल्यावर मात्र तोंडातून निसटलंच, 'सर, ती मोटर चालून राहिली.'

ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे आत्ता, या क्षणाला, चालू आहे?"

"हो."

"चांगला काळ आहे. मशीनला शोभतो. आमच्या पुण्यात हल्ली एकच काळ उरलाय. चालेल."

'चालेल' हा शब्द त्यांना खपत नसे. बोल्ट जरा ढिला बसतो, चालेल? रंग ओला आहे, चालेल? ड्रॉइंगवर सही नाही, चालेल? "चालेल हा भविष्यकाळ आहे," ते म्हणत. "भविष्य रविवारच्या पेपरात येतं. मला चालतं की चालत नाही, ते सांगा." तो शब्द ऐकला की कोणाचंही काम ते तसंच परत पाठवत. त्यांनी कधी कोणाला चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. फार झालं तर 'ठीक'. तेवढ्यावर खालचे फिटर आठवडाभर खूश असत.

चाचणीची वही मात्र इंग्रजीत लिहायची नाही, हा त्यांचा दुसरा हट्ट. "ज्या भाषेत दचकता त्या भाषेत लिहा," ते म्हणायचे. "इंग्रजीत सगळे सॅटिसफॅक्टरी लिहितात." वर या वहीची फार थट्टा चाले. पण त्या वहीत 'कर्कश्श', 'कुंथतंय', 'हाताला चटका' असे शब्द असायचे, आणि मशीनला काय झालंय ते वाचताक्षणी कळायचं.

आणखी एक खोड सांगायलाच हवी. कोणाच्या गाडीत बसायची वेळ आली की ते आधी दार आतून उघडतं का ते बघत, मग बसत. लग्नाच्या हॉलमध्ये गेले की आधी मागचा दरवाजा शोधत, मग अक्षता घेत. "आत जाण्यात काही कौशल्य नाही," म्हणत, "बाहेर येता येतं का ते बघावं." लोकांना हा विक्षिप्तपणा वाटायचा. मलाही वाटायचा. वर कार्डाने उघडणारी दारं बसवली, तेव्हा त्यांनी मॅनेजरला विचारलं, "वीज गेल्यावर हे दार उघडं राहतं की बंद?"

मॅनेजर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, हुशार, गोड बोलणारा. तो म्हणाला, "काका, व्हेंडर बघतोय ना ते. डोंट वरी."

ते खाली गेले आणि त्यांनी सरळ मेन स्विच पाडला. भर सकाळी. दार बंदच राहिलं. आत आम्ही पंचवीसतीस जण, मॅनेजर, आणि त्याच दिवशी आलेले दोन परदेशी पाहुणे. दाराच्या काचेपलीकडे येऊन ते आम्हा सगळ्यांकडे शांतपणे बघत उभे राहिले, आणि काचेतून ऐकू येईल इतपत आवाजात म्हणाले, "बंद राहतं." मग जाऊन वीज चालू केली. दुसऱ्या दिवशी त्यांना लेखी समज मिळाली. दाराचं कोणी काही केलं नाही. ते पुढेही तसंच बंद राहत होतं, आणि याचा राग कोणालाच आला नाही. सगळ्यांना राग आला तो त्यांचाच.

त्यानंतर एक नावेचं काम आलं. एका परदेशी कंपनीला शिडाच्या नावांसाठी ऑटोपायलट बाजारात आणायचा होता. लांबच्या प्रवासात माणूस दिवसच्या दिवस चाकाला धरून बसू शकत नाही. मग यंत्र दिशा सांभाळतं आणि सुकाणू इकडेतिकडे ढकलत राहतं. त्याचं डोकं, म्हणजे होकायंत्र आणि बाकीचं, ती कंपनी करणार होती. आमच्याकडे होते त्याचे स्नायू. सुकाणू ढकलणारा ड्राइव्ह दोन तऱ्हांचा करून बघायचा होता. एक मेकॅनिकल, ज्यात मोटर आणि गिअर एक दांडा मागेपुढे सारतात. दुसरा हायड्रॉलिक, ज्यात पंप तेल ढकलतो आणि तेल दांडा सारतं. दोन्ही बनवा, तपासा, कुठला बरा ते लिहा.

पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, "इथे शिडाची नाव कोणी पाहिली आहे का?"

मॅनेजर म्हणाला, "काका, नेटवर हवे तेवढे फोटो आहेत."

"फोटोत सुकाणू किती ओढतं ते दिसतं का? मी स्वतः समुद्र एकदाच पाहिलाय, हर्णैला. तेव्हा ओहोटी होती. म्हणून विचारलं."

पुढच्या रविवारी ते मला स्कूटरवर मागे बसवून खडकवासल्याला घेऊन गेले. तिथे धरणाच्या पाण्यावर काही हौशी लोक छोट्या शिडाच्या नावा चालवत. एका भल्या गृहस्थाने त्यांना नावेत घेतलं. मी काठावर होते. सुकाणूचा दांडा हातात घेऊन ते डोळे मिटून बसले. नावेने दोनदा झोकांडी खाल्ली, गुडघ्यापर्यंत पँट भिजली, तरी डोळे उघडले नाहीत. परत आल्यावर मी विचारलं, कसं होतं. म्हणाले, "ओढ एकसारखी नसते हो. धक्का आधी हाताला कळतो, मग डोक्याला."

सोमवारी त्यांनी वर्कशॉपमध्ये समुद्र बांधायला घेतला. एक वेडीवाकडी लोखंडी चकती, ती फिरली की एका मोठ्या स्प्रिंगला कधी हळू, कधी हिसका देऊन ओढायची, आणि ती ओढ सुकाणूच्या जागी लावलेल्या दांड्याला लागायची. समोर चाक. ते त्या सगळ्या प्रकाराला समुद्रच म्हणत. "अहो मिरजकर, समुद्र बंद करा, चहा आलाय." मिरजकर फिटर गंभीर चेहऱ्याने समुद्र बंद करायचा. वरून लोक बघायला यायचे आणि हसत परत जायचे. मीटर कमी पडले तेव्हा बुधवार पेठेतून त्यांनी ते स्वतः आणले, आणि दुकानातच बॅटरी लावून प्रत्येक तपासून घेतला.

सहा महिने दोन्ही ड्राइव्ह त्या समुद्राला लागले होते. गिअर हा त्यांचा धर्म होता, म्हणून ते गिअरचीच बाजू घेणार, असं वर सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. कोणी येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. मेकॅनिकलबद्दल त्यांनी लिहिलं, हलका आहे, चटकन वळतो, बॅटरी कमी खातो, आणि नावेत बोर्डाची वीज नसते हे लक्षात ठेवावं. पण लाटेचा तडाखा सरळ दातांवर येतो, सहन होईपर्यंत सहन होतो, मग दात तुटतो. हायड्रॉलिक जास्त वीज खातो, तेलाला गळायची आणि आत हवा धरायची सवय आहे, पण तडाखा तेल पोटात घेतं. लहान नावेला गिअर, जड नावेला तेल. गिअरवर आयुष्य काढलेल्या माणसाने जड नावा तेलाला देऊन टाकल्या होत्या, स्वतःच्या हाताने. आणि याच माणसाला पुढेही वरच्या मजल्यावर पक्षपाती म्हटलं गेलं.

पण त्यांची खरी परीक्षा वेगळीच होती. ड्राइव्ह चालू असताना ते न सांगता वीज तोडत आणि चाक हातात घेत. समोर खडक दिसला तर माणसाला चाक त्याच क्षणी मिळायला हवं. मेकॅनिकलमध्ये वीज गेली की क्लच सुटे आणि चाक मोकळं होई. हायड्रॉलिकमध्ये एक छोटा व्हॉल्व्ह उघडून तेलाला वाट करून देई. तो उघडला नाही तर तेल आतच कोंडतं, आणि कोंडलेल्या तेलापुढे कोणाच्याही हाताचं काही चालत नाही. "चालवणारी यंत्रं पुष्कळ आहेत," ते म्हणाले होते. "सोडणारं यंत्र बघा."

त्यांच्या बायकोचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, त्या दिवशी ते आले नाहीत. चाचणी मी एकटीने घेतली. दुपारी हायड्रॉलिकची वीज तोडली आणि चाक धरलं, तर चाक हलेना. भिंत ढकलावी तसं. एक श्वास, दोन श्वास, मग खट् करून सुटलं. पुन्हा केलं, लगेच सुटलं. पुन्हा, अडकलं. कधी सुटे, कधी अडके. वही ओढली आणि ज्या भाषेत दचकले त्या भाषेत लिहिलं, 'वीज बंद. चाक मोकळं नाही. व्हॉल्व्ह अडकून राहिला.'

आता इथे सांगायला हवं. आमच्या अकोल्यात 'अडकून राहिला' म्हणजे अडकतो आहे, आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. पुण्यात 'अडकून राहिला' म्हणजे अडकला तो तसाच राहिला, सुटलाच नाही. दोन दिवसांनी त्यांनी वही वाचली ती पुण्याच्या मराठीत. मोटर 'चालून राहिली' हे वाक्य आवडलेला माणूस, पण इथे त्यांना ते आठवलं नाही. त्यांनी मला विचारलं नाही आणि मी आपण होऊन सांगितलं नाही. अहवालात त्यांनी इंग्रजीत लिहिलं, व्हॉल्व्ह बंद स्थितीत राहिला, या व्हॉल्व्हसह हायड्रॉलिक ड्राइव्ह नावेत बसवू नये.

परदेशी कंपनीला हायड्रॉलिकच हवा होता. आम्हाला त्याचंच पुढचं काम हवं होतं. मॅनेजरने बैठक बोलावली. तो, ते, मी, आणि वरचे पाचसहा जण. त्याने ते वाक्य मोठ्याने वाचलं आणि मला विचारलं, "कितना टाइम स्टक होता? तू होतीस ना तिथे?"

"तसा स्टक नाही," मी म्हटलं. "म्हणजे अडकायचा आणि सुटायचा."

"पण इथे तर रिमेन्ड लिहिलंय."

मी वहीतलं वाक्य सांगितलं. आमच्याकडे त्याचा काय अर्थ होतो तेही सांगितलं. आधी एक जण हसला, मग सगळे. कोणीतरी म्हणालं, "म्हणजे व्हॉल्व्ह विदर्भातला आहे." मॅनेजर टेबलावर हात आपटून हसत होता. "यार, हा तर ग्रामर इश्यू निघाला. व्हॉल्व्हला काही झालंच नाही."

ते हसण्याची लाट ओसरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "चूक माझी आहे. अकोलेकरांना विचारायला हवं होतं. शब्द बदलतो. पण अकोलेकर, तुमच्या अर्थाने सांगा. अडकत होता की नव्हता?"

इतका सरळ प्रश्न मला त्यानंतर कोणी विचारलेला नाही. उत्तर माझ्या हातात होतं, अक्षरशः, त्या चाकाचा जोर मनगटात अजून जाणवत होता. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आता ही पुन्हा काय बोलते आणि आपण कसं हसतो, या तयारीने. मी म्हटलं, "थोडासा."

"थोडासा," मॅनेजर म्हणाला. "नव्या तेलात होतं असं. ती ओळ काढून टाकू. चालेल ना?"

मी म्हटलं, "चालेल."

त्यांनी अहवालावर सही केली नाही. पुन्हा चाचणी घ्यायला आठ दिवस मागितले, ते मिळाले नाहीत, कारण वर्कशॉपच्या त्या भागात ट्रेनिंग रूम होणार होती आणि सुतार आलेच होते. त्यांचा समुद्र दोन तासांत खोलून भंगारात गेला. सही माझी घेतली. चाचणी घेणारी व्यक्ती म्हणून ते नियमात बसत होतं.

त्या संध्याकाळी जिन्यात ते भेटले. मला वाटलं बोलतील, खडसावतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते दोन पायऱ्या उतरून थांबले आणि म्हणाले, "अकोलेकर, तुमच्याकडे इतका चांगला वर्तमानकाळ होता. भविष्यकाळ कशाला वापरलात?"

महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले. निवृत्तीला दीड वर्ष बाकी होतं. निरोप समारंभात मॅनेजरने त्यांना लेजंड म्हटलं आणि भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. त्यांनी ते कागदातून काढलं, कानाला लावलं, माझ्याकडे बघितलं आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "चालून राहिलंय." सगळ्यांना वाटलं, काकाही शेवटी आमच्यात आले, अकोलेकरांची नक्कल करताहेत. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत त्यांना ते नाव पडलं, अडकून राहिलेले काका. मला माहीत होतं, ते नक्कल करत नव्हते. घड्याळ त्या क्षणाला चालू आहे, एवढंच ते सांगत होते, आणि त्यासाठी त्यांना सापडलेला सगळ्यात नेमका शब्द वापरत होते.

मी त्यांना पुन्हा भेटायला गेले नाही. घर ठाऊक होतं, स्कूटरवरून दोनदा दाखवलं होतं. त्या व्हॉल्व्हचं पुढे काय झालं तेही मला ठाऊक नाही. कुठल्या तरी समुद्रात कोणीतरी बटण बंद करून चाकाला हात घातला असेल. मिळालं असेल चाक, किंवा दोन श्वास उशिरा मिळालं असेल. एक पत्र लिहिलं असतं तर कळलं असतं. मी ते लिहिलं नाही, आणि इतकी वर्षं लिहिलं नाही याची लाज वाटते. लोकांवर रागावणं त्या मानाने सोपं आहे.

आज पुन्हा ग्रुपवर संदेश आला. तोच मॅनेजर, आता कुठल्याशा मोठ्या हुद्द्यावर. 'जेवणाच्या दिवशी काकांवर छोटं स्किट आहे. तो फेमस डायलॉग तूच म्हणायचाय, ओरिजिनल ॲक्सेंटमध्ये! चालेल ना?' खाली पिवळी तोंडं आधीच हसायला लागली होती.

मी लिहिलं, 'नाही चालणार.'

मग हसणारी तोंडं यायची थांबली, आणि कोणीतरी विचारलं, का गं, काय झालं. मी वाक्य मनात धुतलं नाही. जसं आलं तसं लिहिलं आणि पाठवलं.

'तो व्हॉल्व्ह अडकून राहिला होता. मी पाहून राहिली होती.'